बस्त्याव सरांचा सुरकुतलेला वाटाणा

बस्त्याव सर माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी कान बघतात. आम्ही भुईगावात राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून आमचं लोखंडी कपाट उतरत होतं, कपाटाचा एक कोपरा आमच्या ह्यांच्या पायावर आला होता, मी हमालांच्या नावानं शंख करत होते, आणि तेवढ्यात शेजारच्या वाडीच्या कुंपणावरून एक पांढरं डोकं वर आलं.

"वहिनी, जरा केस मागे घ्या," ते डोकं म्हणालं. "कान बघू."

मला राग लवकर येतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पतपेढीच्या काउंटरवर इतकी वर्षं बसल्यावर राग नाही येणार तर काय येणार? "कशाला?" मी म्हटलं. "सोन्याचं काही नाही त्यात."

"सोनं नको. खालची पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली, तेवढंच." त्यांनी मान तिरकी केली. "सुटी. छान. साहेबांचे कान चिकटलेले. मुलं?"

"एक मुलगी. पुण्याला शिकते."

"तिचे कान?"

"चिकटलेले," हे कपाटाच्या मागून कण्हत म्हणाले.

"मग वहिनींच्या माहेरी कुणाचे तरी चिकटलेले असणार."

"आमच्या माहेरी चिपळूणला सगळ्यांचे कान सुटे आहेत," मी म्हटलं, "आणि तोंडंही सुटी आहेत. तेव्हा जरा जपून."

सर चिडले नाहीत. नुसते हसले आणि म्हणाले, "गेलं नाही, वहिनी. दडलंय." आणि डोकं कुंपणाआड गेलं. पुढं मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा मी मुद्दाम जुने फोटो काढायला लावले, या माणसाला खोटं पाडायचंच म्हणून. आजीचा तरुणपणीचा फोटो निघाला. कान सरळ गालात उतरलेले. परत आल्यावर मी ते सरांना सांगितलं नाही, ह्यांनी सांगितलं. नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही.

बस्त्याव सर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उंच, हडकुळे, पायजम्यावर शाळेतला जुना पांढरा कोट घालून वाडीत फिरणारे. त्यांच्याकडे इतरांसारखी केळी आहेत, पानवेल आहे, चाफा आहे, मागं बावखल आहे, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं ते जुनं तळं. या सगळ्याकडे सरांचं लक्ष यथातथाच. त्यांचा जीव वाटाण्यात. आता आमच्याकडे समुद्रावरून दमट वारा येतो, थंडी नावापुरती पडते. इथं वाटाणा लावणं म्हणजे म्हशीला स्वेटर घालण्यापैकी. गावातले लोक हसायचे. सर म्हणायचे, "हसू द्या. माणूस लबाड आहे, वाटाणा प्रामाणिक आहे."

फार पूर्वी कुठल्याशा थंड देशात एका मठातल्या धर्मगुरूंनी परसात वाटाणे लावून आईबापांचे गुण लेकरांत कसे उतरतात ते शोधून काढलं, ही गोष्ट सर चर्चच्या पायरीवर भेटेल त्याला सांगत. "त्यांना अजून संतपद दिलेलं नाही, ही चूक आहे," असं त्यांनी एकदा गावच्या फादरांना तोंडावर सांगितलं. फादर बिचारे म्हणाले, संतपदाला चमत्कार लागतो. "मग वाटाणा काय आहे?" सर म्हणाले. फादर त्यानंतर सरांना लांबून हात जोडून पुढं जात.

वाटाण्याच्या फुलाबद्दल तर त्यांनी मला भर रस्त्यात सांगितलं होतं. "वहिनी, बाकीची फुलं दार सताड उघडं टाकतात, माशी येते, भुंगा येतो, कोण कुणाचा पत्ता नाही. वाटाण्याचं फूल दार उघडायच्या आधीच घरातलं लग्न घरात लावून मोकळं होतं. म्हणून त्याचा वंश सांगता येतो. मिसळ करायची तर आपल्याला कळी असतानाच चिमटा घेऊन आत शिरावं लागतं." शेजारी कोळीण टोपली घेऊन बसली होती. ती म्हणाली, "सर, बोंबील घेता का लग्न लावता?" सरांनी बोंबील घेतले. त्यांना चव लागत नाही हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी चाललेलं होतं. या हिवाळ्यात मात्र सरांचं काहीतरी बिनसलं.

दिवाळीनंतर त्यांनी घरामागं एक छोटासा वाफा केला. दरवर्षी टीचभर जागेत दहा प्रकारचे वाटाणे लावणारा माणूस, यंदा एकच प्रकार. दाणे मोजके, त्यातले निम्मे उगवलेच नाहीत. जे उगवले त्यांना पानवेलीच्या काठ्या लावल्या, वर जाळी टाकली. पोपट येतील म्हणून जाळी, घूस येईल म्हणून पत्रा, बावखलाचं पाणी खारटतंय म्हणून माझ्या नळाचं पाणी. बादली घेऊन रोज सकाळी माझ्या दारात. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, आमच्या घरात माणसंही राहतात, त्यांनाही अंघोळ लागते." ते कधी नव्हे ते खाली बघून म्हणाले, "एवढा हिवाळा, वहिनी. मग कधी मागणार नाही." त्या आवाजानं मी गप्प झाले. माझ्यासारखी बाई गप्प होते म्हणजे तुम्ही समजा.

शेंगा धरल्या. हिरव्यागार, टपोऱ्या. आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली, कारण सर त्या तोडेनात.

हिरवी शेंग वेलावर जून होताना बघणं हे आमच्या गल्लीतल्या बायकांच्या पचनीच पडत नाही. जी ती कुंपणाशी थांबून सांगायची, "सर, तोडा हो, उद्या दगड होतील." सर म्हणायचे, "दगडच हवेत." मग त्या माझ्याकडे येऊन डोक्याला बोट लावून गोल फिरवायच्या. फेब्रुवारीचं ऊन तापायला लागलं, गरम वारा सुटला, खालची पानं पिवळी पडली. सर खुर्ची टाकून वाफ्यापाशी बसायला लागले. हातात छत्री. एका शुक्रवारी मी पतपेढीतून लवकर आले आणि बघते तर छत्री वाटाण्यावर धरलेली, आणि ऊन सरांच्या टाळूवर.

"सर, छत्री डोक्यावर धरा!" मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खुर्चीसकट आडवे झाले. पडताना छत्री मात्र वेलावर पडू दिली नाही.

ह्यांनी आणि मी त्यांना रिक्षात घातलं. घाम, थंडगार हात, डोळे वर. माझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं. मी आयुष्यात कधी म्हटली नाहीत तेवढी देवाची नावं पारनाक्याच्या दवाखान्यापर्यंत घेतली. आमच्या आणि त्यांच्या, दोघांच्याही देवांची. तिथं सलाईन लागलं, रक्तदाब वर आला, डॉक्टर म्हणाले उन्हाचा तडाखा आहे, रविवारपर्यंत राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी नीट डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "शेंगा?"

"मरू द्यात शेंगा!" मी म्हटलं. राग आला की मला रडूही येतं, दोन्ही एकदमच.

"नको," ते म्हणाले. "त्यात रोजी आहे."

रोजी म्हणजे त्यांची बायको. आम्ही यायच्या आधीच, त्या मोठ्या साथीच्या तापात गेली. मला वाटलं, म्हातारा भ्रमात बोलतोय. तो भ्रम नव्हता. त्यांनी मला स्टूल जवळ ओढायला लावलं आणि सांगितलं ते असं.

रोजीचं माहेर जवळच्याच गास गावचं. तिच्या आईच्या परसात पिढ्यान्‌पिढ्या एक वाटाणा होता, वाळला की सुरकुतणारा. लग्न होऊन आली तेव्हा रोजी ते बी राखेत घालून, बरणीत भरून घेऊन आली, आणि दर हिवाळ्याला मागच्या अंगणात मूठभर लावायची. सर गोल वाटाण्याचे भक्त. "मी तिला चिडवायचो, तुझा वाटाणा आजारी दिसतो. ती म्हणायची, खाऊन तर बघा, किती गोड आहे. मी तिला शास्त्र सांगायचो. गोल वाटाणा आपली साखर पिठात बदलून ठेवतो. सुरकुतलेल्याला ते नीट जमत नाही, साखर तशीच राहते, आत पाणी जास्त धरतो, वाळला की आक्रसतो. म्हणजे तुझी गोडी आणि तुझ्या सुरकुत्या एकाच दोषातून आल्या, असं मी सांगायचो. पण खाऊन बघितला नाही, वहिनी. कधीच नाही. शिकवणाऱ्या माणसाला कशाला खायला लागतं?"

एका वर्षी गंमत म्हणून त्यांनी चिमटा घेऊन रोजीच्या वाटाण्याचं आपल्या वाटाण्याशी लग्न लावलं. दाणे आले ते सगळे गोल. सर ते तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात गेले. "बघ, तुझा गेला."

रोजी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "गेला कुठला? दडला असेल."

"मी वर्षानुवर्षं दडलेल्या गुणाची ही व्याख्या फळ्यावर लिहिली," सर म्हणाले. "पोरं घोकायची, विसरायची. हिनं पिठाच्या हातानं दोन शब्दांत सांगितली."

तर कुंपणावरून मला ऐकवलेलं ते 'दडलंय' त्यांचं नव्हतंच. मी सलाईनच्या थेंबांकडे बघत बसले.

मग ताप आला. दोघांनाही. रोजी गेली. सर वाचले, पण वास आणि चव दोन्ही गेली, ती परत आलीच नाही. महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे तिच्यासाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, घरी माणसं जेवायला होती. रोजीची बहीण आग्नेस गासहून मदतीला आली होती. आदल्या संध्याकाळी चुलीमागं बरणीत तिला वाळलेले वाटाणे दिसले. माणसं वाढणार होती, जेवण पुरणार नव्हतं; कडधान्य घरोघरी राखेत ठेवतात, हे बी आहे ते त्या घाईत तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं राख धुतली, भिजवले आणि उसळ केली.

"सगळे?" मी विचारलं.

"सगळे. मलाही वाढले. मी जेवलो. मला काय लागणार होतं?" त्यांनी चादर नीट केली. "ताट धुताना राखेची बरणी रिकामी दिसली तेव्हा कळलं. आग्नेस दमून भिंतीला टेकून बसली होती, बहिणीसाठी रडून डोळे सुजलेले. काय सांगणार? आजवर सांगितलं नाही. तुम्हीही सांगायचं नाही, वहिनी. तिला कळलं तर ती पुन्हा चुलीशी उभी राहणार नाही."

यंदा पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत त्यांना औषधाची एक चिमुकली बाटली सापडली. त्या लग्नातले गोल दाणे. दिसायला सरांचे, पण प्रत्येकाच्या पोटात रोजीचा अर्धा वाटा. वेल फुलला की घरातल्या लग्नात दोन्हीकडून रोजीचाच वाटा एकत्र आला तर सुरकुतलेला परत येणार. साधारण चारात एक, पण कुठल्या शेंगेत ते कुणी सांगू शकत नाही. आणि सुरकुती दिसते ती दाणा वाळल्यावरच. म्हणून तोडायच्या नाहीत. बाटलीत आता एकही दाणा उरलेला नव्हता. जे काही होतं ते वेलावर.

"आणि हे आग्नेसबायला ठाऊक आहे का, की तोडायच्या नाहीत?"

"कसं सांगणार? रोजीचं बी म्हटलं की ती बरणी विचारेल." सरांनी डोळे मिटले. "ती रविवारशिवाय येत नाही."

तो शनिवार होता.

मी रिक्षा केली. सर आजारी असल्याची बातमी गासला पोचायला वेळ लागत नाही, आणि आग्नेसबाय ही आजारी माणसाच्या घरी हातावर हात ठेवून बसणारी बाई नाही. रिक्षावाला वाटेत गॅस भरायला थांबला तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

सरांच्या मागच्या दारी आले. वाफा रिकामा. जाळी घडी करून ठेवलेली, काठ्या मोळी बांधून उभ्या केलेल्या, वेल पलीकडच्या म्हशीपुढं टाकलेले, आणि म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. झाडलोट इतकी स्वच्छ की मला भोवळ आली.

आत आग्नेसबाय. गोल, ठेंगणी, पदर खोचलेला, समोर पातेलंभर सोललेले वाटाणे. चुलीवर पाणी खळखळत होतं.

"या, वहिनी!" ती म्हणाली. गासच्या भातशेतीतली बोली तिची. "भावजी उद्या घरी येनार ना? म्हनून म्हटलं पुलाव करून ठेवते. बघा ना, कोनी तोडलेच नव्हते वाटाने! पार जून होयाला आले होते, सालं पिवळी पडली. मानूस आजारी असला की घराची अशी दशा होते." आणि बोलता बोलता तिनं ओंजळ भरून वाटाणे पाण्यात टाकले.

मी किंचाळले. आग्नेसबायच्या कोपराला लागून चुलीवरचा झारा खाली पडला.

आता माझी काय अवस्था झाली असेल बघा. खरं सांगावं तर वचन मोडतं. न सांगावं तर रोजीचा पुलाव होतो. दुसरी ओंजळ भरलेली, पाण्यावर धरलेली. माझ्या तोंडून निघालं, "औषध मारलंय त्याच्यावर! विषारी!"

"आरे देवा!" आग्नेसबायनं ओंजळ पातेल्यात सोडून छातीवर क्रूस काढला. "बरं झालं उपासकाळ आहे, सोलताना एक दाना तोंडात टाकला नाही मी!" आणि तिनं तडक पातेलं उचललं आणि मागच्या दाराकडे निघाली. "पुरूनच टाकते. कोना जनावरानं खाल्लं तर पाप लागायचं."

झालं. आगीतून काढलं आणि खड्ड्यात घातलं. मी पातेल्याचा दुसरा कान धरला. ती म्हणे पुरते, मी म्हणे थांबा. "तुमी काय करनार इषाचं?" "सरांना दाखवायचं आहे." "काय दाखवायचं?" "कुठलं औषध होतं ते!" अशी आमची ओढाताण चालली होती, आणि एकेक दाणा उडून जमिनीवर पडत होता, आणि मी पायानं तो म्हशीच्या बाजूनं आत ढकलत होते. शेवटी मी माझा काउंटरवरचा आवाज काढला. तो आवाज काढला की माणसं रांगेत उभी राहतात. आग्नेसबायनं पातेलं सोडलं.

मी ते घरी आणून वर्तमानपत्रावर पसरलं. चुलीवर गेले ते गेले. त्या ओंजळीत कोण होतं कुणास ठाऊक. हे म्हणाले, "अगं, हे तर सगळे सारखेच दिसतायत." मी म्हटलं, "तुम्ही बोलू नका." आणि बोटांनी एकेक दाणा सुटा करत बसले. हिरवे, गोल, गुळगुळीत, सगळे सारखे. कुठल्या दाण्याला मी म्हणू, रोजी?

रविवारी दुपारी सर घरी आले. रिक्षातून उतरले ते काठी टेकत थेट मागच्या दारी. रिकामा वाफा बघितला. आग्नेसबाय दारात उभी, हात पदरात गुंडाळलेले. गल्लीतून कुणीतरी तिला सांगितलं होतं की सर त्या शेंगांना छत्री धरून बसायचे. बाईला काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, काय ते कळत नव्हतं, आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना.

मला वाटलं आता सर पडणार, नाहीतर ओरडणार. सरांनी काठीचं टोक वाफ्याच्या मातीत रुतवलं. मग म्हणाले, "जागा छान झाडलीस, आग्नेस."

"भावजी, माझं चुकलं का?"

"नाही. शेंगा वेळेवर तोडायलाच हव्यात. कुणीही तोडल्या असत्या." आणि माझ्याकडे वळून, "दाणे?"

मी कागद आणून ओटीवर पसरला. त्यांनी एक दाणा उचलला, नखानं दाबून पाहिला, दुसरा, तिसरा. "भरलेत," ते हळू म्हणाले. "सावलीत वाळले तर बरेच उगवतील. पण कुठला कुठला ते..." त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, चावला, आणि तसाच चेहरा ठेवून गिळला. वाळूत पाणी जावं तसं. तेव्हा मला सुचलं, आणि मी म्हटलं, "सर, गोडीवरून कळेल ना?"

सरांनी मान वर केली. "दाण्याला अंकुराची बाजू असते," ते भराभर बोलू लागले. "तिच्या उलट्या बाजूचा कपचा दातानं काढायचा. अगदी जरासा. बाकीचा दाणा जगतो. चव बघायची आणि सांगायचं." मग एकदम थांबले. "माझी जीभ गेलेली आहे."

मी बसले, हे बसले. वाटाण्याला उंदरासारखे कुरतडत. पहिला मला गोड लागला, दुसराही गोड, तिसराही, मग एकही नाही. सकाळी लसणाचं तिखट खाल्लेल्या तोंडात काय कळणार? ह्यांना तर सगळेच गोड लागले. ह्यांना माझा चहाही गोड लागतो. सर प्रत्येक वेळी आमच्या तोंडाकडे बघत, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उतरत गेला. कुरतडलेले दाणे इकडे, कुरतडलेले दाणे तिकडे, आणि कुणालाच काही ठाऊक नाही. आम्ही उलट वाट लावत होतो.

"आग्नेसबायला बोलवा," मी म्हटलं.

सरांनी मान हलवली. मला त्यांची भीती कळली. पण ती आपण होऊनच पुढं आली होती, पदर तोंडाशी धरून. "औषध मारलंय ना त्येच्यावर?"

"औषध नाही. वहिनींचा गैरसमज," सर म्हणाले. मी गैरसमजाची बाई झाले, होऊ दे. "शाळेतला एक प्रयोग आहे, आग्नेस. नुसती चव सांगायची."

"आज रविवार. उपास नाही," ती म्हणाली, आणि फतकल मारून बसली.

पहिला दाणा. "पिठूळ." दुसरा. "पिठूळ." तिसरा तिनं जरा चघळला, "ह्यो पन." सर पुढं वाकले होते, काठीवर दोन्ही हात. चौथा तिनं दातात धरला, कपचा तोडला, आणि थांबली. तोंड हलेना. मी म्हटलं आता हिला खरंच काही झालं.

"भावजी," ती म्हणाली. "ह्यो तर आमच्या आयच्या परसातला वाटाना."

तिनं तो दाणा उजेडाकडे धरला.

"आयशपत! आय शेजारी गेली की रोजी नि मी शेंगा तोडून खायचो, सालं बावखलात टाकायचो. पोहत वर यायची ती, नि आम्ही मार खायचो. तोच. तोच ह्यो." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ती रडता रडता पाचवा दाणा उचलून कुरतडत होती. "पिठूळ. ह्यो पिठूळ. ह्यो... ह्यो परत आमचा!" आमचे ती उजवीकडे ठेवायची, पिठूळ डावीकडे. एकदाही अडली नाही. उजवीकडचा ढीग मूठभरही झाला नाही, पण झाला.

सर तिच्याकडे बघत होते. "कसा लागतो?" त्यांनी विचारलं.

"गोड."

"गोड म्हणजे कसा, आग्नेस? नीट सांग."

ती विचारात पडली. "नारळाचं पानी कवळं असतं ना, तसा आधी. नि मग हिरवा. रोजी म्हनायची, देवाला वाटानाच द्यायचा होता, साखर चुकून पडली."

सरांनी काठीवर कपाळ टेकवलं. मी उठून आत गेले, पाणी आणायला म्हणून. पाणी कुणालाच नको होतं.

मी बाहेर आले तेव्हा आग्नेसबाय डोळे पुसत होती आणि मला धडकी भरवणारा प्रश्न विचारत होती. "पन भावजी, रोजीची बरनी होती ना राखेतली? तिच्यात आमचं बी असायचं. ती बरनी कुठं गेली?"

मी सरांकडे बघितलं. सर वाफ्याकडे बघत होते.

"उंदरांनी खाल्लं," ते म्हणाले.

"मेले उंदीर!" आग्नेसबाय कडाडली. "सत्यानाश होवो त्यांचा! मेलेल्या बाईचं बी खाल्लं, पोटं फुटोत मेल्यांची..."

"नको, आग्नेस," सर म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते कधी बोलत नाहीत. "शिव्या देऊ नकोस त्यांना. त्यांना काय माहीत होतं?"

दाणे सुपात, ओटीच्या सावलीत वाळले. सर रोज सकाळी कुंपणावरून मला हाक मारायचे, "वहिनी, चष्मा लावून या." आठवड्याभरात उजवीकडच्या दाण्यांनी अंग आक्रसायला सुरुवात केली, गाल आत गेले, सुरकुत्या पडल्या. डावीकडचे गोलच राहिले. आग्नेसबायची एकही चूक झालेली नव्हती. सुरकुतलेले ते दाणे सरांनी एकेक करून तळहातावर घेतले, आणि मग राख चाळून एका स्वच्छ बरणीत भरले.

त्यानंतरच्या एका रविवारी आग्नेसबाय निघाली तेव्हा रिक्षा दारात उभी होती. सरांनी ती बरणी तिच्या मांडीवर ठेवली.

"मला कशाला?" ती म्हणाली.

"तुझ्याकडे असू दे. दिवाळीनंतर घेऊन ये, दोघं लावू."

मी सरांच्या कोटाची बाही ओढली, डोळ्यांनी विचारलं, हिच्याकडे? हिच्याकडे देता? त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आग्नेसबायनं बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"नि तुमच्याकडे का नको, भावजी?" तिनं विचारलं.

सर तिच्याकडे बघून हसले.

"माझ्याकडे उंदीर आहेत," ते म्हणाले.